नातवाकडे जाताना आधी सुनेकडे पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 66. मुलगा आणि सून खूप दूर राहतात, प्रवासातच जवळजवळ एक दिवस जातो. साडेसहा वर्षांची नात शेवटची भेटली तेव्हा चार वर्षांची होती. अकरा महिन्यांच्या नातवाला अजून मांडीवर घेतलेलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे राहायला जायचं आहे. ‘धाकटा माझ्याकडे येईल का? थोरली मला विसरली असेल का? सुनेची मुलं वाढवायची रीत वेगळी आहे, तिथं मी बोलू की गप्प बसू? आणि परत निघताना मुलं रडतील, तर ती झोपलेली असताना निघालेलं बरं का? शिवाय मी त्यांना ओझं तर होणार नाही ना, अशी भीती वाटते.’

ताई, बालविकासाच्या कामात मला 27 वर्षं झाली. दरवर्षी उन्हाळा जवळ आला की दूरच्या नातवंडांकडे निघालेल्या आज्या भेटायला येतात. नातवंडांसाठी काय न्यायचं हे बहुतेकींचं पक्कं ठरलेलं असतं. सुनेला किंवा लेकीला काय विचारायचं, ते मात्र क्वचितच कुणी ठरवून येतं. माझं सगळं उत्तर तुम्हाला पुन्हा पुन्हा तुमच्या सुनेपाशी आणून सोडणार आहे, कारण नातवंडांपर्यंतची वाट तिच्यावरूनच जाते.

आधी धाकट्याचं बघू. अकरावा महिना हे अनोळखी माणसाला भेटण्याचं सगळ्यात अवघड वय आहे. साधारण सहाव्या ते आठव्या महिन्यापासून बाळ आपलं माणूस आणि परकं माणूस यांत ठाम फरक करू लागतं. रेने स्पिट्झ या मनोविश्लेषकानं या भीतीला आठव्या महिन्याचंच नाव दिलं होतं. पहिला वाढदिवस येईपर्यंत ती वाढतच असते. तुम्हाला पाहून त्यानं ओठ काढले, आईच्या खांद्यात तोंड खुपसलं, तर त्याची वाढ अगदी वेळेवर चालली आहे असं समजा. त्याच्या मनात ‘माझी माणसं’ अशी एक यादी तयार झाली आहे आणि तुम्ही अजून तीत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘पण फोनवर तर तो मला बघून खिदळतो!’ हे मी पुष्कळदा ऐकते. फोनमधली आजी तळहाताएवढी असते. तिला उंची नसते, वास नसतो, ती हात पुढे करत अंगावर येत नाही. दारात उभी राहिलेली आजी त्याच्या दृष्टीनं वेगळीच व्यक्ती असते. फोनवरची ओळख वाया जात नाही, आवाजाची तर नाहीच. पण ती पहिल्या तासात कामाला येईल अशी आशा धरू नका.

आता एक प्रयोग सांगते, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. जेम्स सोर्स, रॉबर्ट एम्ड, जोसेफ कॅम्पोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये तो प्रसिद्ध केला. वर्षभराच्या बाळांना एका मोठ्या काचेच्या टेबलावर ठेवलं. अर्ध्या भागात काचेखाली लगेच जमीन दिसत होती, पुढच्या अर्ध्या भागात ती एकदम खाली गेल्यासारखी दिसत होती. काच सगळीकडे सारखीच मजबूत, पण बाळाला पुढे खड्डा दिसणार. पलीकडे आई आणि खेळणं. बाळ खड्ड्याच्या काठाशी येऊन थांबायचं आणि आईच्या तोंडाकडे बघायचं. ज्या आयांना हसरा चेहरा ठेवायला सांगितलं होतं, त्यांच्या 19 बाळांपैकी 14 बाळं काच ओलांडून गेली. ज्या आयांनी भेदरलेला चेहरा केला, त्यांच्या 17 बाळांपैकी एकही पुढे सरकलं नाही.

त्या काचेच्या जागी तुम्ही आहात, ताई. तुमचा नातू तुम्हाला बघेल, थबकेल आणि लगेच वळून तुमच्या सुनेच्या चेहऱ्याकडे पाहील. तिच्या कपाळावर आठी असेल, ती तुमच्यासमोर अवघडलेली असेल, तर तुम्ही कितीही गोड बोला, तो येणार नाही. ती निवांत असेल, तुमच्याशी मनापासून हसत बोलत असेल, तर तो दोन-चार दिवसांत स्वतःच रांगत तुमच्या पायाशी येईल. आणि हा चेहरा आईला पाहुण्यांसाठी मुद्दाम आणता येत नाही. रात्री चारदा उठलेल्या, घर आवरून दमलेल्या बाईला तर नाहीच नाही.

म्हणून दारातून आत गेल्यावर आधी सुनेला भेटा. तिला जवळ घ्या, तिची विचारपूस करा, तिच्या शेजारी बसा. बाळाकडे नुसतं एकदा बघून हसा आणि नजर काढून घ्या, रोखून बघू नका. शक्य असेल तर खाली जमिनीवर बसा. उभं, उंच माणूस वरून वाकलं की या वयाचं बाळ जास्त घाबरतं. हातात एखादी साधीशी वस्तू घेऊन तुमचं तुम्हीच काहीतरी करत राहा. त्याला आईच्या मांडीवरून तुम्हाला न्याहाळू द्या. पहिल्यांदा तो तुम्हाला हात लावील, तेव्हाही उचलून घेऊ नका. त्याला परत आईकडे जाता येतं, ही खात्री पटली की तो पुन्हा येतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझ्या लेकीच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा नातू दहा महिन्यांचा होता. ज्या गोष्टी इतरांना वर्षानुवर्षं सांगत होते, त्या दारातच विसरले आणि त्याला लेकीच्या कडेवरून सरळ ओढून घेतलं. तो इतका किंचाळला की पुढचे पाच दिवस मी खोलीत आले तरी आईला घट्ट धरून बसायचा. त्या पाच दिवसांत लेक एकही काम हातावेगळं करू शकली नाही. तिला मदत करायला गेलेली मी, तिचं काम वाढवून बसले. ते दिवस आठवले की अजून जीव कळवळतो.

सुनेशी बोलायला जायच्या तीन-चार आठवडे आधीच सुरुवात करा. मुलाशी नको, तिच्याशी. ‘काय आणू’ हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा, ‘तुझ्या दिवसातला सगळ्यात अवघड तास कोणता?’ या एका प्रश्नानं मी कितीतरी घरांत फरक पडलेला पाहिला आहे. कुणी सांगते, संध्याकाळी दोन्ही मुलं एकाच वेळी किरकिरतात तो. कुणी म्हणते, पहाटेचा, बाळ पाचला उठतं तेव्हाचा. तो तास तुम्ही उचला, आणि तिला हवा तसा उचला. तिला बाळ तुमच्याकडे द्यायचं असेल तर बाळ घ्या, पण बाळ स्वतःजवळ ठेवून बाकीचं घर तुम्ही बघावं असं वाटत असेल तर घर बघा. इथंच आज्यांचा जीव तुटतो. एवढ्या लांब काय भांडी घासायला आले का, असं वाटतं. वाटू द्या. संध्याकाळी मोकळ्या झालेल्या आईच्या चेहऱ्याकडे बघून बाळ काय ठरवतं, ते वर सांगितलंच आहे.

आणि तिचा सगळ्यात आवडता तास कोणता, हेही विचारून घ्या. पुष्कळ आयांना रात्री झोपवण्याची वेळ स्वतःची वाटते. तिनं आपणहून दिल्याशिवाय ती मागू नका.

आता बोलावं की गप्प बसावं. आपण मुलं वाढवली, ती चांगली मोठी झाली, त्यामुळे आपल्याला कळतं असं वाटणं साहजिक आहे. पण काही बाबतींत शास्त्र खरोखरच बदललं आहे. आपल्या पिढीत कितीतरी जणींनी बाळांना पालथं झोपवलं, काही ठिकाणी तर तसाच सल्ला मिळत असे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 1992 मध्ये बाळाला पालथं न झोपवता उताणं किंवा कुशीवर झोपवा असं सांगायला सुरुवात केली, 1994 मध्ये त्याची देशभर मोहीम झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं तिथलं प्रमाण पुढच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे तुमची सून बाळाला उशीशिवाय, मऊ गाद्या-पांघरुणांशिवाय, उताणं ठेवत असेल, तर त्यामागे हजारो बाळांचा जीव वाचल्याचा अनुभव आहे. ती तिची लहर नव्हे. गाडीत मागे तोंड करून बसवायची खुर्ची, खेळण्यांच्या आकाराबद्दलची काळजी, हे सगळं तिच्याकडून शिकून घ्या. ‘मला एकदा दाखव, मी तुझ्यासारखंच करीन,’ हे वाक्य सासूच्या तोंडून ऐकलेल्या सुना माझ्यासमोर रडल्या आहेत.

बाकीच्या गोष्टींत, म्हणजे किती वाजता झोपवायचं, रडल्यावर किती लवकर उचलायचं, किती कपडे घालायचे, यांत मी आज्यांना तीन दिवस थांबायला सांगते. खटकलेली गोष्ट तीन दिवस नुसती बघा. निम्म्या वेळा तिसऱ्या दिवशी कारण कळतं. तरीही खटकली, तर सुनेला एकटीला गाठून प्रश्न म्हणून विचारा. मुलाकडे तिची तक्रार चुकूनही नेऊ नका. मुलगा मध्ये सापडला की घरातलं वातावरण बिघडतं, आणि सहा आठवडे सगळ्यांना त्याच घरात काढायचे असतात. अपवाद फक्त जिवाच्या धोक्याचा. तिथं त्याच क्षणी बोला.

जिवाच्या धोक्यावरून तुमच्या स्वतःच्या पर्सबद्दल बोलायलाच हवं. लहान मुलांच्या पोटात चुकून औषध जातं, तेव्हा ते पुष्कळदा आजी-आजोबांचं असतं. गोळ्यांचा आठवड्याचा डबा लहान मुलालाही सहज उघडता येतो आणि आजीची पर्स बहुधा पलंगावर किंवा खुर्चीवर, हाताला येईल अशीच असते. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या अशा आहेत की एखाद-दुसरी पोटात गेली तरी अकरा महिन्यांच्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. पोहोचल्या दिवशी, सामान उघडायच्याही आधी, औषधं उंच आणि कुलपाच्या कपाटात ठेवा. गोळी जमिनीवर पडली तर सापडेपर्यंत शोधा. प्रवासात मात्र तीच औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत असू द्या.

डॉक्टरांकडे जाल, तेव्हा फ्लूच्या आणि डांग्या खोकल्याच्या लशीबद्दल विचारा. मोठ्यांना साधा वाटणारा खोकला तान्ह्या बाळाला फार जड जातो. लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. लांबच्या विमानप्रवासात दर तासा-दोन तासांनी उठून चाला, पोटऱ्या हलवत राहा. पायात रक्ताची गाठ होण्याचा त्रास पूर्वी झाला असेल तर आधी सल्ला घ्या.

पोहोचल्यावर झोपेचं गणित बिघडणार. शरीरातलं घड्याळ साधारण एका दिवसात एक तास इतकंच सरकतं. दोन्हीकडच्या वेळेत आठ-नऊ तासांचा फरक असेल तर आठवडाभर तुम्ही पूर्ण तुमच्यात नसाल. पूर्वेकडे गेल्यावर त्रास जास्त होतो, कारण माणसाचं आतलं घड्याळ 24 तासांपेक्षा थोडं मोठं असतं. त्याला दिवस लांबवणं सोपं जातं, आखडणं अवघड. दिवसा उजेडात फिरा. पहिल्या चार दिवसांत कुठंही जायचा बेत करू देऊ नका. मुलगा उत्साहानं करीलच, पण अर्धवट झोपेतल्या आजीला आणि तिला न ओळखणाऱ्या बाळाला दिवसभर गाडीत बसवून काहीच हाती लागत नाही.

आता थोरली. मला तिची काळजी धाकट्यापेक्षा जास्त वाटते. धाकटा येईल, त्याच्या वयाचा तो स्वभावच आहे. साडेसहा वर्षांची नात मात्र सगळं बघत असते आणि बोलत नसते. घरात बाळ आलं तेव्हापासून येणारा प्रत्येक जण आधी बाळाकडे धावतो, हे तिनं वर्षभर सोसलेलं असतं. आजीही तसंच करते का, हे ती बघणार.

ती तुम्हाला विसरली असेल का? पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. तीन वर्षांच्या मुलांशी त्यांच्या आयुष्यातल्या घटनांबद्दल गप्पा मारल्या आणि पुढे वेगवेगळ्या वयांत त्याच घटना त्यांना विचारल्या. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यांतल्या 60 टक्क्यांहून जास्त घटना आठवत होत्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मात्र 40 टक्क्यांहून कमी. म्हणजे तुमची नात अगदी त्या उंबरठ्यावर आहे. चौथ्या वर्षीची तुमची भेट अजून तिच्याजवळ असण्याची चांगली शक्यता आहे, आणि याच एक-दोन वर्षांत ती निसटूनही जाईल. तेव्हा त्या भेटीचे फोटो घेऊन जा. ‘आठवतं का?’ असं परीक्षेसारखं विचारू नका. ‘त्या दिवशी तू माझी चप्पल लपवली होतीस आणि मी अनवाणीच बाहेर निघाले होते,’ असं सुरू करा आणि थांबा. पुढचं ती सांगेल. चुकीचं सांगितलं तरी सुधारू नका, बोलू द्या. अशा गप्पांतूनच आठवण पक्की होते.

तिच्यासाठी दिवसातला एक अर्धा तास ठरवा. रोज तोच, फक्त तिचा, बाळ दुसऱ्या खोलीत. काय करायचं ते तिनं ठरवायचं. महागडी खेळणी आणि सहली यांपेक्षा हा अर्धा तास मुलांना जास्त आठवतो, असं मी माझ्या कामात सतत पाहत आले आहे. पहिल्या दिवशी तिला सांगा, ‘मला तुझं घर दाखव, मला इथलं काहीच माहीत नाही.’ दिवे कुठले, दारं कशी उघडतात, शाळा कुठं आहे, बाळ कशानं हसतं, सगळं तिच्याकडून शिका. ती बाहेरची भाषा जास्त बोलत असेल, तर ‘आपल्या भाषेत बोलून दाखव’ असं चारचौघांत कधी म्हणू नका. तुम्ही आपल्या भाषेत बोलत राहा, ती हव्या त्या भाषेत उत्तर देऊ दे. लाज गेली की शब्द येतात.

आणि तिला तिच्या बाबांच्या लहानपणच्या गोष्टी सांगा. एमोरी विद्यापीठातल्या रॉबिन फिवुश आणि मार्शल ड्यूक यांनी मुलांसाठी 20 प्रश्नांची एक यादी केली होती: आई-बाबा कुठं भेटले, आजी कुठं वाढली, घरात कोणतं संकट आलं होतं, असे प्रश्न. ज्या मुलांना आपल्या घराबद्दल जास्त माहीत होतं, त्यांचा आत्मविश्वास जास्त आढळला. माहिती पाठ करून घेतल्यानं असं होतं असा याचा अर्थ नाही. ज्या घरात बसून अशा गोष्टी निघतात, त्या घराचा तो गुण असावा. पण अशी बैठक तुम्ही घडवू शकता. बाबांनी बक्षिसं मिळवली ते सांगाच, पण नापास झाले, अंधाराला घाबरायचे, मित्राशी भांडून रडत घरी आले, तेही सांगा. आणि सूनबाईंना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारा, नातीच्या देखत. तिलाही आईची बाजू कळू दे.

तुम्ही शेवटी लिहिलंय की ओझं होण्याची भीती वाटते. बर्निस न्यूगार्टन आणि कॅरोल वाइनस्टाइन यांनी 1964 साली शिकागोच्या परिसरातल्या आजी-आजोबांच्या 70 जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यातल्या सुमारे एक-तृतीयांश माणसांना आजी-आजोबा होणं या ना त्या कारणानं अवघड जात होतं. साठ वर्षांपूर्वीही, घरं जवळ असतानाही. तेव्हा असं वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. उपाय साधा आहे: आठवड्यातून एक दिवस तुम्ही त्यांच्या आड येऊ नका आणि त्यांनी तुमच्या. तुम्ही वाचा, चाला, झोपा. सहा आठवडे चोवीस तास कामाला उभी राहिलेली आजी चौथ्या आठवड्यात चिडते, हे मी पाहिलंय, आणि ती चिडली की सगळं घर तिला सांभाळत बसतं.

आता निघण्याचं. मुलं झोपलेली असताना निघू नका. हे मी अगदी कळकळीनं सांगते. झोपेतून उठल्यावर आजी नाही, असं झालं की बाळाला एवढंच कळतं की माणसं न सांगता नाहीशी होतात. मग ते आईलाही डोळ्यांआड होऊ देत नाही, आणि ते आठवडे तुमची सून काढते. थोरलीला आठवडाभर आधी दिनदर्शिकेवर तारीख दाखवा, रोज एक दिवस तिला खोडू द्या. धाकट्याला आईच्या कडेवर असताना, जागेपणी, हसून टाटा करा. तो रडेल. रडू द्या. आईच्या कडेवर रडलेलं बाळ शांत होतं. निरोप मात्र लांबवू नका, दारातून तीनदा परत फिरू नका.

सहा आठवड्यांचं हे सगळं तो विसरेल का? रटगर्स विद्यापीठात कॅरोलिन रोव्ही-कॉलियर यांनी बाळांच्या स्मरणशक्तीवर अनेक वर्षं काम केलं. एक दांडी दाबली की खेळण्यातली आगगाडी चालते, हे बाळांना शिकवायचं आणि किती दिवसांनी आठवतं ते बघायचं. सहा महिन्यांच्या बाळाला साधारण 2 आठवडे आठवलं, वर्षाच्या बाळाला साधारण 8 आठवडे. आणि मध्येच नुसती एक आठवण करून दिली, तर ती मुदत पुन्हा वाढत होती. तुम्ही तिथून निघाल तेव्हा तुमचा नातू वर्षाहून थोडा मोठा असेल. तिथं असतानाच एक छोटा खेळ रोज त्याच्याशी खेळा. बुवा-कूक करा, ठरावीक टाळ्या वाजवा, किंवा दोन ओळींचं एखादं गाणं म्हणा, पण कायम तेच. परत आल्यावर फोनवर पहिल्यांदा तेच करा. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 12 ते 25 महिन्यांची मुलं आठवडाभर व्हिडिओवर एका अनोळखी बाईशी बोलली. जिच्याशी व्हिडिओवरच, पण थेट त्याच वेळी देवाणघेवाण होत होती, तिला ती पुढे प्रत्यक्षात ओळखू लागली. आधीच चित्रित केलेल्या व्हिडिओतल्या बाईला नाही. तेव्हा स्वतःचा व्हिडिओ करून पाठवण्यापेक्षा दहा मिनिटांचा खरा फोन करा, आणि अधूनमधून पडद्याऐवजी कॅमेऱ्याकडे बघा, म्हणजे त्याला तुमची नजर मिळेल.

त्या फोनची वेळ निघायच्या आधी सुनेला विचारून ठरवा. ती म्हणेल ती वेळ. तुमच्याकडे तेव्हा पहाट असली तरी चालेल.